पहिले गाणे लिहिताना: मात्रा, ठेका, मुखडा आणि चाल

पहिल्यांदा गाणे लिहिणाऱ्यांच्या वह्या उघडल्या तर ओळी बऱ्याचदा चांगल्या निघतात. त्या गायला घेतल्या की घोटाळा सुरू होतो. एक ओळ ठेक्यात बसते, दुसरी चार मात्रा (मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेचे माप) पुढे पळते आणि गाणारा शब्द कोंबायला लागतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा शब्दांच्या वजनाला, म्हणजे त्यांच्या मात्रांना, दिली आहे. कल्पना, प्रतिमा, भावना हे सगळे लागतेच, पण ते बहुतेकांकडे थोडेफार असते. वजन मात्र शिकावे लागते, आणि ते काही आठवड्यांत शिकता येते.

साहित्य फार लागत नाही. फोनवरचा रेकॉर्डर, ठरावीक वेगाने ठोके देणारे मेट्रोनोम अ‍ॅप, सूर धरून ठेवायला तानपुऱ्याचे अ‍ॅप आणि वही-पेन्सिल एवढे पुरे. पेनपेक्षा पेन्सिल बरी, कारण खोडाखोड भरपूर होणार आहे. पेटी किंवा गिटार येत असेल तर उत्तम, नसेल तरी गाणे अडत नाही.

विषय लहान करा

‘विरह’ किंवा ‘आयुष्य’ यावर गाणे लिहायला बसलात की दोन ओळींत सांगण्यासारखे सगळे संपते. त्याऐवजी चार प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा. कोण बोलतेय? कोणाशी? नेमक्या कोणत्या क्षणी? आणि समोर कोणती वस्तू आहे? उदाहरणार्थ: घर सोडून गेलेला माणूस, स्वतःशीच, पुन्हा त्या दारासमोर उभा असताना, खिशात जुनी चावी. एका गाण्याला एवढे पुरते. किंबहुना दोन अंतऱ्यांत, म्हणजे कडव्यांत, याहून जास्त मावतच नाही.

मग १० मिनिटांचे घड्याळ लावून त्या क्षणात दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, हाताला लागणाऱ्या २० गोष्टी लिहा. यमक नको, ओळी नकोत, नुसती यादी. लिहून झाल्यावर प्रेम, दुःख, आठवण, स्वप्न, वेदना असे जे शब्द आले असतील त्यांवर काट मारा. उरलेल्या यादीतूनच गाणे निघते. हे शब्द वाईट आहेत असे नाही, पण ते ऐकणाऱ्याच्या मनात उमटायला हवेत. तुम्हीच उच्चारून टाकले की त्याला करायला काही उरत नाही.

मुखडा आधी

मुखडा, म्हणजे ध्रुवपद, गाण्यात तीन-चार वेळा तरी परत येतो. त्यामुळे त्यात दोन गुण लागतात. तो एकटा म्हटला तरी पूर्ण कळला पाहिजे आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर त्याचा अर्थ थोडा वेगळा लागला पाहिजे. सुरुवातीला दोनच ओळींचा मुखडा करा. चार ओळींचा मुखडा मोहात पाडतो, पण त्यातल्या दोन ओळी बहुधा भरतीच्या असतात.

वरच्या प्रसंगावरचा पहिला मसुदा असा असेल:

ती चावी अजूनही माझ्या खिशात आहे,
घर मात्र माझे नाही

बोलायला ठीक आहे, अर्थही पोचतो. आता याचे वजन करू.

मात्रा मोजणे

मराठी अक्षराला एक किंवा दोन मात्रा असतात. ह्रस्व अक्षर (अ, इ, उ, ऋ आणि त्यांच्या स्वरचिन्हांची अक्षरे) लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर (आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ) गुरू, त्याच्या दोन. अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट असेल किंवा विसर्ग असेल तर ते अक्षरही गुरू. जोडाक्षराच्या आधीच्या ह्रस्व अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू होते. ‘पुस्तक’मधला पु, ‘सत्य’मधला स, ‘मध्ये’मधला म हे सगळे गुरू. पण ‘तुझ्या’, ‘कळ्या’, ‘उन्हात’ म्हणून पाहा, पहिल्या अक्षरावर जोर येत नाही. तिथे ते लघुच राहते. या अपवादात सगळेच सुरुवातीला चुकतात. शंका आली की नियम आठवत बसू नका, शब्द मोठ्याने म्हणा आणि कान काय सांगतो ते ऐका.

एक फरक लक्षात ठेवा. बोलताना आपण ‘घर’ शेवटचा अ गिळून म्हणतो. गाण्यात मात्र घ आणि र यांना एकेक मात्रा मिळते, किंवा घ दोन मात्रा धरून शेवटी र टेकवतात. दोन्ही चालते. मोजताना २ धरा.

आता मसुदा मोजू. ती २, चावी ४, अजूनही ६, माझ्या ४, खिशात ४, आहे ४. बेरीज २४. दुसरी ओळ: घर २, मात्र ३, माझे ४, नाही ४. बेरीज १३. एक ओळ चोवीसची, एक तेराची. यांना एकच चाल लावायला गेलात तर पहिली धावेल आणि दुसरी रेंगाळेल.

पहिल्या ओळीतून ‘ती’, ‘ही’ आणि ‘माझ्या’ काढले की आठ मात्रा जातात आणि सोळा उरतात. अर्थाचे काहीच बिघडत नाही. गाण्यात बोलणारा ‘मी’ असतोच, तेव्हा खिसा कोणाचा हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या ओळीत ‘मात्र’च्या जागी ‘ते आता’ घातले की तीन जातात, सहा येतात. झाली सोळा.

चावी अजून खिशात आहे,
घर ते आता माझे नाही

काय कापायचे ते कसे ओळखायचे? सर्वनामे, ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’, ‘खूप’ आणि विशेषणे आधी उचलून पाहा. ओळ लांब असेल तर गुन्हेगार बहुधा यांतच सापडतो. ओळ आखूड पडली तर मात्र उलटा मोह होतो. रे, ग, हो, ना, जणू घालून मात्रा भरल्या जातात. एखादा ‘रे’ जिव्हाळ्याचा वाटतो, तिसऱ्या ‘रे’ला ऐकणाऱ्याला कळते की कवीला शब्द सापडलेला नाही. आखूड ओळीला माहिती द्या: केव्हा, कुठे, कोणत्या रंगाचे, कितवे.

‘आहे’ आणि ‘नाही’ हे काटेकोर यमक नाही. तरी कानाला पुरते, कारण आ आणि ह दोन्हीकडे आहेत, शिवाय अर्थाने दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहतात. प्रीत-रीत-गीत, वारा-तारा या जोड्या काटेकोर असूनही झिजल्या आहेत. पहिला शब्द आला की ऐकणारा दुसरा मनात म्हणून मोकळा होतो. सैल यमक निवडायचे की घट्ट, हा प्रश्न पडला तर जे बोलल्यासारखे वाटते ते घ्या. यमकासाठी वाक्य उलटेपालटे करणे (‘नाही ठाऊक मजला’ छापाचे) टाळा. जुने ‘मज’, ‘तव’ आणि आजचे ‘मेसेज’, ‘स्टेशन’ एका गाण्यात आले तर ते ठरवून आलेले असावेत.

ठेक्यावर बसवणे

मात्रांची बेरीज जुळली म्हणजे काम झाले असे नाही. त्या मात्रा कशा गटांत पडतात हेही पाहावे लागते. वरच्या दोन ओळी चार-चारने तोडा: चावी | अजून | खिशात | आहे. घर ते | आता | माझे | नाही. प्रत्येक गट बरोबर चार मात्रांचा आहे आणि एकही शब्द मध्ये तुटत नाही. प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या: चा, अ, खि, आ. आठ मात्रांच्या केरवा तालात अशी ओळ दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन पूर्ण फेऱ्यांत, आपोआप बसते.

‘अजून’ आणि ‘खिशात’ यांत टाळी लघु अक्षरावर पडते आणि लांब अक्षर टाळीनंतर येते. त्याने ओळीला छोटा हिसका मिळतो, तो गोड लागतो. बिघाड होतो तो त्या लघु अक्षरावर चाल ताणल्यावर. ‘अऽऽजून’ किंवा ‘खीशात’ असे ऐकू आले की समजा, चालीतला लांब सूर चुकीच्या अक्षरावर पडला आहे. शब्दाचे लांब अक्षर आणि चालीचा लांब सूर एकत्र आले पाहिजेत. थोडी सूट सगळेच घेतात, पण शब्द ओळखू येईनासा झाला तर ती सूट महाग पडली.

दादरा तालाला सहा मात्रा असतात, त्यामुळे तिथे तीन-तीनचे गट शोभतात. ‘दूर दूर जात वाट’ ही बारा मात्रांची ओळ तीनच्या चार गटांत पडते आणि दोन आवर्तनांत संपते. ती केरव्यात गाऊन पाहा, अडखळेल. चावीची ओळ दादऱ्यात गाऊन पाहा, तीही अडखळेल. कोणत्या ठेक्यात लिहायचे हे आधी ठरवण्यापेक्षा मुखड्याची पहिली ओळ सुचली की ती चालत-चालत पाच-सहा वेळा म्हणा आणि पाऊल कुठे पडते ते पाहा. ओळ स्वतःचा ठेका सांगते. सात मात्रांचा रूपक आणि दहाचा झपताल पहिल्या पाच-सहा गाण्यांनंतर हातात घ्या.

छंदाचा सराव हवा असेल तर अभंगाची चौकट सोपी आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. तिथे मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरे मोजायची. रोज असे चार चरण लिहिले तरी जीभ वळते.

अंतरा आणि परतीची ओळ

मुखडा निष्कर्ष सांगतो, अंतरा प्रसंग दाखवतो. पहिल्या अंतऱ्यात २० गोष्टींच्या यादीतल्या दोन-तीनच घ्या.

पायांना त्या पाठ पायऱ्या,
दारावरती नाव वेगळे,
बोट बेलवर थबकुन राहे

तिन्ही ओळी सोळा मात्रांच्या. पण इथे गटांची मांडणी बदलली आहे. ‘पाठ पायऱ्या’, ‘नाव वेगळे’, ‘बोट बेलवर’ हे तुकडे तीन-तीन-दोन असे पडतात, मुखड्यासारखे चार-चार नाहीत. अंतरा मुखड्याहून वेगळा वाटावा म्हणून असा फरक कामी येतो. शेवटचा ‘थबकुन राहे’ हा तुकडा मात्र पुन्हा चार-चारचा, म्हणजे मुखड्याच्या वळणाने जाणारा आहे, आणि ‘राहे’ला ‘आहे’ची वाट आहे. अंतऱ्याच्या या शेवटच्या ओळीला क्रॉसलाइन म्हणतात. तिचे काम मुखड्याकडे नेणे. यमकाने, लयीने आणि अर्थानेही. बोट बेलवर थबकते, कारण खिशात चावी असूनही घर आपले नाही, असा दुवा जुळला की मुखडा दुसऱ्यांदा ऐकताना जास्त लागतो. क्रॉसलाइन फसली तर मुखडा वरून चिकटवल्यासारखा येतो. नवख्या गाण्यांतला हा दुसरा मोठा दोष.

‘थबकून’चे ‘थबकुन’ केले आहे, एक मात्रा वाचवण्यासाठी. ‘राहे’ हे रूपही बोलीतले नाही. गाण्यात अशा सवलती चालतात, पण एका गाण्यात दोन-तीनच. त्याहून जास्त झाल्या तर ओळ नव्याने लिहिणे सोपे असते.

दुसरा अंतरा पहिल्याचीच पुनरुक्ती असू नये. वेळ बदला, जागा बदला किंवा बोलणाऱ्याला काहीतरी करायला लावा. दार आतून कोणी उघडले तर? तो चावी परत द्यायला आला असेल तर? लिहिताना पहिल्या अंतऱ्याच्या ओळीखाली ओळ ठेवा आणि अक्षरांचे लघु-गुरू शक्य तितके तसेच येऊ द्या, कारण दोन्हींना एकच चाल लागणार आहे. बेरीज सोळा आली पण गट वेगळे पडले तर गाताना पंचाईत होते.

श्वासाचीही सोय करा. ‘थांब, नको जाऊ’ यात गाणाऱ्याने ‘नको’नंतर श्वास घेतला तर अर्थ उलटा होतो. आठ मात्रांनंतर विराम येत असेल तर आठव्या मात्रेवर शब्द आणि अर्थ दोन्ही टेकले पाहिजेत.

चाल लावणे

ओळ कोणालातरी सांगतोय अशी बोला आणि रेकॉर्ड करा. बोलताना आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, तो चालीचा कच्चा आराखडा. मग तानपुरा लावून सा, रे, ग, प, ध या पाचच सुरांत ती ओळ गुणगुणा. सूर कमी ठेवले की बेसूर जागा कमी आणि निर्णय लवकर. पाच-सहा वेगवेगळ्या चाली गुणगुणून सगळ्या रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि न ऐकता जी आठवत होती ती ठेवा.

पहिली ओळ प किंवा रे वर थांबवली तर ती प्रश्नासारखी लटकत राहते. दुसरी सा वर आणली की उत्तर मिळाल्यासारखे वाटते. मुखडा मंद्र (खालच्या) आणि मध्य (मधल्या) सप्तकात, अंतरा वर, तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सा पर्यंत, ही वहिवाट जुनी आहे पण उगाच नाही. तिने कानाला प्रवास मिळतो. सगळ्यात वरचा सूर गाण्यात एकाच जागी ठेवा. वर दिलेल्या अंतऱ्यात ती जागा ‘राहे’मधला ‘रा’. उंच सुरावर आ, ओ, ए मोकळे लागतात. ई आणि ऊ वर गळा आवळतो. ‘बेलवर’मध्ये तीन लघु अक्षरे ओळीने आहेत, तिथे लांब सूर मागूच नका, पटपट सूर द्या. जलद जागी जोडाक्षरे आणि ट-ठ-ड-ढ यांची गर्दी झाली तर जीभ अडते, त्यामुळे चाल पक्की झाल्यावर असे एक-दोन शब्द बदलावे लागतात.

गाण्याचा पल्ला एका सप्तकापासून दीड सप्तकापर्यंत ठेवा. पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा मानायचे ते, शेवटी ठरवा: गाणाऱ्याचा सगळ्यात वरचा आरामाचा सूर शोधा आणि गाण्याचा तार सूर त्याच्या एक-दोन सूर खाली येईल अशी पट्टी घ्या.

साथीला कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) हवे असतील तर पांढरी एक, म्हणजे सी, या पट्टीत चार पुरतात. सी मध्ये सा-ग-प येतात, ए मायनरमध्ये ध-सा-ग, एफमध्ये म-ध-सा, जीमध्ये प-नि-रे. टाळीवर पडणारा सूर ज्या कॉर्डमध्ये आहे तो कॉर्ड तिथे लावा. कॉर्ड आधी लावून त्यावर गुणगुणत बसले की चाल कॉर्डच्या मागे फरफटते आणि सगळी गाणी सारखी होतात. चाल आधी, कॉर्ड नंतर.

चाल आधीच तयार असेल तर

चालीवर शब्द लिहिण्याचे तंत्र वेगळे आहे. चाल ऐकत प्रत्येक आखूड सुराला ‘ल’ आणि लांब सुराला ‘गा’ लिहा. ‘चावी अजून खिशात आहे’ची खूण होईल: गागा लगाल लगाल गागा. गझल लिहिणारे याला लगावली म्हणतात. ही खूण कागदावर आली की चाल बंद करून शब्द शोधा, मग पुन्हा चालीवर गाऊन तपासा. सरावासाठी एखाद्या ओळखीच्या गाण्याची लगावली काढून तिच्यावर स्वतःचे शब्द बसवणे हा उत्तम व्यायाम आहे. तो वहीतच ठेवा. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क सहसा वेगवेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या चालीवरचे गाणे प्रसिद्ध करायला परवानगी लागते. दोघांनी मिळून गाणे केले तर कोणाचा वाटा किती हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

आराखडा आणि तपासणी

मेट्रोनोम मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवला आणि चार ठोक्यांचा एक बार धरला तर एक बार ३ सेकंदांचा होतो. ठोक्याला चार मात्रा, म्हणजे सोळा मात्रांची ओळ एका बारमध्ये गायली जाते. पुढचा बार श्वासाला किंवा वाद्याच्या उत्तराला सोडा. मग दोन ओळींचा मुखडा दोनदा म्हटला की ८ बार, तीन ओळींच्या अंतऱ्याची प्रत्येक ओळ दोनदा म्हटली की १२. सुरुवात ४, मुखडा ८, मधले वाद्य ४, अंतरा १२, मुखडा ८, पुन्हा वाद्य ४, दुसरा अंतरा १२, मुखडा ८. एकूण ६० बार, बरोबर तीन मिनिटे. तिसरा अंतरा सुचला असेल तर तो लिहा आणि मग तिघांतला सर्वात कमजोर कोणता ते पाहून काढून टाका.

पूर्ण गाणे फोनवर एका दमात रेकॉर्ड करा. फाइलच्या नावात तारीख, पट्टी आणि ठोके लिहा, नाहीतर महिन्याभराने कोणती चाल शेवटची होती ते कळत नाही. दोन दिवस ऐकू नका. मग ऐकताना हातात कागद न घेता ऐका. जो शब्द कागदाशिवाय कळला नाही, त्याखाली रेघ.

शेवटची चाचणी दुसऱ्याच्या तोंडून होते. ज्याने गाणे लिहिताना पाहिले नाही अशा कोणालातरी शब्द आणि रेकॉर्डिंग द्या आणि समजावून न सांगता गायला सांगा. स्वतः गाताना आपण चुका झाकतो, कारण कुठे पळायचे आणि कुठे ओढायचे हे पाठ झालेले असते. गाणारा कुठे थांबतो, कुठला शब्द बदलून म्हणतो, कुठे श्वास कमी पडतो, एवढेच टिपा. एकदा अडखळला तर सवयीचा भाग असेल. तिसऱ्यांदाही तिथेच अडखळला तर ती ओळ बदला. बऱ्याचदा त्याने नकळत बदलून म्हटलेला शब्द तुमच्यापेक्षा बरा असतो, तेव्हा आधी तोच बसवून पाहा.